अमेरिकेत इन्स्टिट्यूशनल रिसर्चमध्ये शिरायचंय? पदवीपासून पहिल्या नोकरीपर्यंत

विद्यार्थी किती आले, किती टिकले, किती पदवी घेऊन बाहेर पडले, शिक्षक किती, खर्च किती. विद्यार्थ्यांना केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळते अशा प्रत्येक अमेरिकी कॉलेजला हे आकडे दरवर्षी सरकारला द्यावेच लागतात. ते काढणारं, तपासणारं आणि त्यांचा अर्थ कुलगुरूंना समजावून सांगणारं ऑफिस म्हणजे इन्स्टिट्यूशनल रिसर्च. बोलताना सगळे नुसतं 'आयआर' म्हणतात. आपल्याकडे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची भेट जवळ आली की आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या, खोलीत जे सुरू होतं, ते तिथे बारा महिने चालतं. त्यासाठी पगारी माणसं असतात आणि स्वतंत्र शिक्षणही आहे.

मी महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते. संख्याशास्त्राची म्हणून नॅकच्या फाइली माझ्या टेबलावर आल्या आणि त्यातूनच या क्षेत्राची ओळख झाली. आता अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठाच्या आयआर ऑफिसात काम करते. गावाकडून, ओळखीतून अधूनमधून विचारणा होते, 'ताई, हे नेमकं काय असतं, आणि त्यासाठी काय शिकावं लागतं?' व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते.

माझं मुख्य म्हणणं सुरुवातीलाच सांगते. कार्यक्रम निवडताना विद्यापीठाच्या रँकिंगकडे कमी बघा. शिकत असताना तिथल्या आयआर ऑफिसात बसून काम करायला मिळेल का, याची चौकशी जास्त करा. या कामातलं निम्मं शिक्षण वर्गात मिळतच नाही.

१. काम कसलं आहे ते आधी बघून घ्या

'रिसर्च' हा शब्द ऐकून प्रयोगशाळा, शोधनिबंध असं चित्र डोळ्यांपुढे आणू नका. वर्षाचं वेळापत्रक बरंचसं आयपेड्स ठरवतं. आयपेड्स ही अमेरिकेच्या शिक्षण खात्याची माहिती गोळा करण्याची यंत्रणा आणि ती एनसीईएस ही सांख्यिकी संस्था चालवते. वर्षात तिच्या तीन फेऱ्या होतात: शरद, हिवाळा, वसंत. दिलेल्या पदव्या शरदात, विद्यार्थ्यांची आर्थिक मदत आणि ग्रॅज्युएशन रेट हिवाळ्यात, वित्त आणि मनुष्यबळ वसंतात. गंमत म्हणजे 'फॉल एनरोलमेंट' नावाचा फॉर्म वसंताच्या फेरीत भरायचा असतो. नवा माणूस इथेच पहिल्यांदा गोंधळतो. मुदत चुकली किंवा फॉर्म अर्धवट राहिला तर संस्थेला दंड होऊ शकतो, त्यामुळे या तारखांना ऑफिसात कोणी रजा मागत नाही.

त्याशिवाय रँकिंगवाल्यांच्या प्रश्नावल्या, कॉमन डेटा सेट (विद्यापीठं आपली माहिती एकाच ठरलेल्या साच्यात देतात तो), अ‍ॅक्रेडिटेशनचा अहवाल, विद्यार्थ्यांची सर्वेक्षणं असतात. आणि रोज कुठल्या ना कुठल्या डीनची ईमेल येते, 'उद्या दुपारच्या मीटिंगसाठी एक आकडा हवाय.'

हा 'एक आकडा' काय प्रकार असतो ते बघा. समजा प्रश्न आला, 'आपले विद्यार्थी किती?' तुम्ही उलट विचारायचं: कोणत्या दिवशीचे? सेमिस्टर सुरू झाल्यावर एक सेन्सस डेट ठरलेली असते, त्या दिवसाची यादी गोठवून ठेवतात आणि वर्षभर तीच 'अधिकृत' मानतात. आजची चालू यादी काढलीत तर आकडा वेगळा येणार. डोकी मोजायची की पूर्णवेळ समतुल्य? कॉमन डेटा सेटमध्ये शिक्षक-विद्यार्थी प्रमाण काढताना पूर्णवेळ विद्यार्थी अधिक अर्धवेळांचा एक तृतीयांश असा हिशोब करतात. म्हणजे १०० पूर्णवेळ आणि ३० अर्धवेळ असतील, तर डोकी १३० आणि समतुल्य ११०. फक्त ऑनलाइन शिकणारे धरायचे का? शाळेत असतानाच कॉलेजचा एखादा विषय घेणारी बारावीची मुलं धरायची का? हे प्रश्न विचारायला तुम्हाला मजा येत असेल तर हे क्षेत्र तुमचं. 'एवढा कीस कशाला काढायचा' असं मनात आलं, तर कॉर्पोरेटमध्ये डेटा अ‍ॅनालिस्ट व्हा, पगारही बहुधा जास्त मिळेल.

२. पदवीचे तीन रस्ते

'इन्स्टिट्यूशनल रिसर्च' याच नावाची स्वतंत्र पदवी शोधत बसू नका, सहसा सापडत नाही. लोक तीन रस्त्यांनी येतात.

पहिला, ग्रॅज्युएट सर्टिफिकेट. पेन स्टेट, फ्लोरिडा स्टेट, बॉल स्टेट अशा विद्यापीठांनी आयआरची खास सर्टिफिकेट्स चालवली आहेत, त्यातली काही ऑनलाइन. आयपेड्स, अ‍ॅसेसमेंट, नियोजन, उपयोजित संख्याशास्त्र असे विषय त्यात असतात. ज्यांच्याकडे आधीच मास्टर्स आहे किंवा जे विद्यापीठात दुसऱ्या विभागात नोकरीला आहेत, त्यांच्यासाठी हे उत्तम. भारतात बसूनही ऑनलाइन करता येतं. पण नुसत्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, हे लक्षात असू द्या. या वर्षी प्रवेश सुरू आहेत का, तेही त्या त्या विद्यापीठाच्या पानावर बघा. असे छोटे कार्यक्रम बंद पडतात, पुन्हा सुरू होतात.

दुसरा, मास्टर्स. साधारण दोन वर्षं. इथे पुन्हा दोन फाटे आहेत. 'हायर एज्युकेशन'मधलं मास्टर्स केलंत तर विद्यापीठं कशी चालतात, पैसा कुठून येतो, धोरण काय, हे सगळं कळतं, पण संख्याशास्त्र बेताचंच मिळतं. बरेचसे सहाध्यायी हॉस्टेल, विद्यार्थी कल्याण, प्रवेश विभाग अशा ठिकाणी जाणारे असतात. दुसरा फाटा 'रिसर्च मेथड्स', 'मेजरमेंट अँड इव्हॅल्युएशन' किंवा सरळ संख्याशास्त्र, डेटा सायन्स. इथे हत्यारं मिळतात, पण प्रोव्होस्ट (विद्यापीठाच्या शैक्षणिक कारभाराचा प्रमुख) म्हणजे कोण हेसुद्धा कोणी सांगत नाही. माझं मत विचाराल तर पाया संख्याशास्त्राचा असेल तर पहिला फाटा घ्या, शिक्षणशास्त्राचा किंवा समाजशास्त्राचा असेल तर दुसरा. जे आहे तेच पुन्हा घोटू नका.

तिसरा, पीएचडी. मोठ्या विद्यापीठात डायरेक्टर व्हायचं असेल तर तिचा उपयोग होतो. मिशिगन, पेन स्टेट, इंडियाना, जॉर्जिया, यूसीएलए इथे उच्चशिक्षणाच्या अभ्यासाची जुनी, नावाजलेली केंद्रं आहेत. पीएचडीत बहुतेकदा फी माफ आणि वर स्टायपेंड असं पॅकेज मिळतं, मास्टर्सला मात्र पुष्कळ ठिकाणी पदरचे पैसे घालावे लागतात. पण फी वाचते म्हणून पीएचडीला जाऊ नका. विश्लेषकाच्या नोकरीला मास्टर्स पुरतं, आणि प्रबंध लिहिण्यात जाणारी वर्षं कोणी परत देत नाही.

३. सीआयपी कोड बघितल्याशिवाय पैसे भरू नका

आपल्या मुलांना ही बाब फार उशिरा कळते, म्हणून तिच्यासाठी वेगळा भाग. अमेरिकेत प्रत्येक अभ्यासक्रमाला एक सहा आकडी सीआयपी कोड असतो आणि तो तुमच्या आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावर, छापलेला असतो. पदवीनंतर ओपीटी या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर १२ महिने नोकरी करता येते. तो कोड स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) सरकारी यादीत असेल तर आणखी २४ महिने मिळतात.

हायर एज्युकेशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनचा कोड १३.०४०६. तो स्टेम यादीत नाही. एज्युकेशनल इव्हॅल्युएशन अँड रिसर्चचा १३.०६०१ आणि एज्युकेशनल स्टॅटिस्टिक्स अँड रिसर्च मेथड्सचा १३.०६०३ हे दोन्ही यादीत आहेत. एकाच कॉलेज ऑफ एज्युकेशनमध्ये, एकाच इमारतीत, जवळपास तेच प्राध्यापक शिकवत असलेले दोन अभ्यासक्रम असतील आणि एकाला एक वर्ष, दुसऱ्याला तीन वर्षं. अभ्यासक्रमाच्या नावावरून अंदाज बांधू नका, कारण सारख्या नावाच्या पदवीला दोन विद्यापीठांत दोन वेगळे कोड असू शकतात. ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला ईमेल करा: 'या पदवीचा सीआयपी कोड काय?' उत्तर लेखी घ्या. कन्सल्टंटच्या तोंडी 'हो हो, स्टेमच आहे'वर जाऊ नका.

हे कोड बनवते तीच एनसीईएस. पुढे नोकरीत विद्यापीठाने दिलेली प्रत्येक पदवी याच कोडखाली टाकून आयपेड्सला पाठवायची असते, तेव्हा ओळख आतापासून झालेली बरी.

४. कागदपत्रं

बहुतेक ठिकाणी हे लागतं:

- सर्व वर्षांच्या गुणपत्रिका आणि विद्यापीठाने दिलेलं ट्रान्स्क्रिप्ट
- पदवी प्रमाणपत्र. कॉन्व्होकेशन व्हायचं असेल तर प्रोव्हिजनल
- मागितलं असेल तर डब्ल्यूईएससारख्या संस्थेने केलेलं तुमच्या भारतीय पदवीचं मूल्यांकन
- टोफेल किंवा आयईएलटीएस. जीआरई पुष्कळ ठिकाणी ऐच्छिक झालंय, पण बघून घ्या
- तीन शिफारसपत्रं
- स्टेटमेंट ऑफ पर्पज आणि रेझ्युमे
- लिखाणाचा नमुना, विशेषतः पीएचडीला
- आय-२० साठी बँकेचे किंवा कर्जमंजुरीचे कागद
- पासपोर्ट, मग सेव्हिस या सरकारी विद्यार्थी-नोंदणीची फी (३५० डॉलर) भरल्याची पावती आणि डीएस-१६० या व्हिसा अर्जाचं कन्फर्मेशन पान

यात तीन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं नाव. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, शिवाय आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर क्रम निराळा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या गुणपत्रिका माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने. अर्ज पासपोर्टवरच्या नावानेच भरा आणि सोबत विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जोडा. ट्रान्स्क्रिप्टवरचं नाव बदलून घेण्याच्या नादी लागू नका, त्यात वर्ष जाईल.

दुसरं, तीन वर्षांची पदवी. नुसत्या बीएस्सी, बीकॉमवर काही ग्रॅज्युएट स्कूल प्रवेश देतात, काही देत नाहीत. अर्जाची फी भरण्याआधी विचारा. वर एमएस्सी किंवा एमए असेल तर हा प्रश्न सहसा उरत नाही.

तिसरं, ट्रान्स्क्रिप्टला लागणारा वेळ. डब्ल्यूईएसला ते विद्यापीठाकडून थेट जावं लागतं, तुम्ही पोस्टाने पाठवलेलं चालत नाही. विद्यापीठाचे कर्मचारी परीक्षेच्या आणि निकालाच्या धामधुमीत असतात, त्यामुळे ट्रान्स्क्रिप्टसाठीचा अर्ज पावसाळ्यातच करून टाका. पीएचडीच्या मुदती साधारण डिसेंबर ते मध्य-जानेवारीत संपतात.

स्टेटमेंट ऑफ पर्पजबद्दल थोडं. 'लहानपणापासून मला शिक्षणक्षेत्राची ओढ होती' हे वाचून समितीला काहीच कळत नाही. त्यापेक्षा एखादा आकडा घ्या. तुमच्या कॉलेजने एआयएसएचई (उच्चशिक्षणाचं सरकारी सर्वेक्षण), एनआयआरएफ (सरकारी क्रमवारी) आणि नॅकला दिलेली विद्यार्थिसंख्या वेगवेगळी का होती? मंजूर प्रवेशक्षमता कुठे धरली, प्रत्यक्ष प्रवेश कुठे, मध्येच सोडून गेलेल्यांचं काय केलं? हे तुम्ही कधी जुळवून बघितलं असेल तर त्याबद्दल दोन परिच्छेद लिहा. हे काम भारतात केलेला माणूस आयआरसाठी नवखा नसतोच, फक्त आपल्याकडच्या लोकांना ते 'अनुभव' म्हणून सांगायचं सुचत नाही. 'नॅकचं क्लेरिकल काम' असं म्हणून तीन वर्षांची मेहनत एका ओळीत गुंडाळू नका.

५. असिस्टंटशिप: इथे जोर लावा

हायर एज्युकेशनच्या मास्टर्समध्ये असिस्टंटशिपा, म्हणजे शिकता शिकता विद्यापीठातच करायच्या पगारी अर्धवेळ जागा, असतात, पण त्या बऱ्याचदा हॉस्टेल, ओरिएंटेशन, करिअर सेंटर अशा ठिकाणच्या. आयआरमधली जागा आपोआप पदरात पडत नाही, ती मागावी लागते. प्रवेशाचं पत्र आल्याबरोबर, फी भरायच्या आधी, आयआर ऑफिसच्या डायरेक्टरला लिहा. नाव आणि ईमेल ऑफिसच्या वेबपानावर असतात. संकोच करू नका, तिकडे असं लिहिणं उद्धटपणाचं मानत नाहीत.

ईमेल पाच-सहा ओळींची. आधी त्यांच्या वेबसाइटवरचं फॅक्ट बुक किंवा डॅशबोर्ड उघडा, नीट वाचा आणि एक खरा प्रश्न काढा. उदाहरणार्थ, 'तुमच्या रिटेन्शनच्या (किती विद्यार्थी टिकले त्याच्या) तक्त्यात फक्त पूर्णवेळ विद्यार्थी दिसतात. अर्धवेळांचा हिशोब वेगळा ठेवता का?' मग स्वतःबद्दल दोन ओळी: काय येतं, काय केलंय. शेवटी विचारा, येत्या वर्षी ग्रॅज्युएट असिस्टंट किंवा तासावरची जागा निघणार आहे का. 'रिस्पेक्टेड सर/मॅडम, आय अ‍ॅम व्हेरी मच इंटरेस्टेड' अशी शंभर जणांना एकच ईमेल पाठवणारे खूप आहेत, ती न वाचताच उडवली जाते.

उत्तर 'पैसे नाहीत' असं आलं तरी दार बंद झालं असं समजू नका. लहान कॉलेजात आयआरमध्ये एकच माणूस असतो, दोन-तीन असले तरी भरपूर. त्यांच्याकडे काम नेहमी साचलेलं असतं, कमतरता बजेटची. अभ्यासक्रमात प्रॅक्टिकम किंवा इंटर्नशिपचं क्रेडिट असेल तर त्याखाली एक सेमिस्टर बसता येतं. अ‍ॅसेसमेंट, एनरोलमेंट मॅनेजमेंट, रजिस्ट्रार, बजेट या शेजारच्या ऑफिसांतही विचारा. रजिस्ट्रारच्या ऑफिसात काम केलेला माणूस तर सोनं, कारण आयआरला लागणारा सगळा डेटा तिथेच जन्मतो.

एफ-१ वर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. असिस्टंटशिप २० तासांची असेल तर वर लायब्ररीत चार तास, असं चालत नाही. डायरेक्टरला हा नियम ठाऊक असेलच असं नाही, तो पाळणं तुमची जबाबदारी. कॅम्पसबाहेर इंटर्नशिप करायची असेल तर आधी सीपीटी, म्हणजे शिकत असतानाच्या अशा कामाची परवानगी, घ्या.

एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या एच व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असलेल्या मैत्रिणींसाठी: शिकायला आडकाठी नाही, पूर्णवेळ पदवीही करता येते. पण पगारी असिस्टंटशिपसाठी कामाची परवानगी, म्हणजे ईएडी लागतो. एफ-२ वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, मात्र पूर्णवेळ पदवी करता येत नाही, त्यासाठी व्हिसाचा दर्जा बदलावा लागतो.

६. काय शिकायचं

पॅट्रिक टेरेन्झिनी या अभ्यासकाने १९९३ मध्ये आयआरला लागणाऱ्या जाणतेपणाचे तीन थर सांगितले. पहिला तांत्रिक: व्याख्या, आकडेमोड, सॉफ्टवेअर. दुसरा प्रश्नांचा: प्रवेश, बजेट, शिक्षकांचं कार्यभार-गणित या गोष्टी कशा ठरतात. तिसरा संदर्भाचा: याच संस्थेत, इथल्या इतिहासात, इथल्या माणसांमध्ये हे कसं चालतं. अजूनही अभ्यासक्रम तपासताना मी हीच पट्टी लावते. पहिला थर कुठेही शिकता येतो, दुसरा बराचसा वर्गात. तिसरा ऑफिसात बसल्याशिवाय येत नाही, म्हणून तर वरचा पाचवा भाग एवढा लांबला.

विषय निवडताना रिग्रेशन, विशेषतः लॉजिस्टिक, नक्की घ्या. 'टिकला की गेला' हा हो-नाहीचा प्रश्न असल्याने रोजच्या कामात तेच लागतं. सर्वेक्षणशास्त्राचा एक विषय घ्या. उच्चशिक्षणाच्या वित्तव्यवस्थेचा घ्या, कंटाळवाणा वाटला तरी.

सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात आधी एसक्यूएल. विद्यापीठाचा डेटा बॅनर, पीपलसॉफ्ट, वर्कडे अशा प्रणालींत असतो आणि तो बाहेर काढता आला नाही तर पुढचं सगळं ज्ञान फुकट. मग एसएएस, एसपीएसएस किंवा आर यातलं जे त्या ऑफिसात चालतं ते, आणि टॅब्लो किंवा पॉवर बीआय. एक्सेलला नाकं मुरडू नका.

एसक्यूएलमध्ये नवशिक्यांचा हमखास घोटाळा कुठे होतो ते सांगते. विद्यार्थ्यांचा तक्ता मुख्य विषयांच्या तक्त्याला जोडला की ज्या मुलीचे दोन मेजर आहेत तिच्या दोन ओळी होतात. तुम्ही ओळी मोजल्यात तर ती दोनदा मोजली जाते. एकूण आकडा जरासाच फुगतो, त्यामुळे डोळ्यांना खटकत नाही आणि तसाच अहवालात जातो. जोडणी केल्यावर दर वेळी वेगवेगळे आयडी किती आणि ओळी किती, हे दोन्ही बाजूबाजूला काढून बघायची सवय लावा.

७. ग्रॅज्युएशन रेट एकदा हाताने काढून बघा

अर्ज करायच्याही आधी हा सराव करा. आयपेड्सचा डेटा सगळ्यांसाठी खुला आणि फुकट आहे, नांदेडला बसूनही उतरवून घेता येतो.

चार वर्षांच्या कॉलेजचा ग्रॅज्युएशन रेट सहा वर्षांनी मोजतात, म्हणजे ठरलेल्या कालावधीच्या दीडपट. समजा २०१८ च्या फॉलमध्ये १०० विद्यार्थी आले. यात धरायचे ते फक्त पहिल्यांदाच कॉलेजात आलेले आणि पूर्णवेळ. दुसरीकडून बदली होऊन आलेले नाहीत, अर्धवेळ नाहीत. ३१ ऑगस्ट २०२४ पर्यंत त्यातल्या ५८ जणांना पदवी मिळाली. २० जण बदली घेऊन दुसऱ्या विद्यापीठात गेले आणि तिथून पदवीधर झाले. दोघांचं मधल्या काळात निधन झालं.

दर किती? ५८ टक्के नाही, ७८ ही नाही. मृत्यू, कायमचं अपंगत्व, सैन्यसेवा, पीस कोअरसारखी परदेशातली सरकारी सेवा आणि अधिकृत धर्मकार्य या कारणांनी गेलेल्यांना छेदातून वगळता येतं, म्हणून छेद ९८. बदली होऊन गेलेले २० छेदात राहतात पण अंशात येत नाहीत, मग ते दुसरीकडे कितीही चमकले तरी. ५८ भागिले ९८, म्हणजे ५९ टक्के.

आता विचार करा, ज्या कम्युनिटी कॉलेजचं (दोन वर्षांच्या कॉलेजचं) कामच मुलांना तयार करून मोठ्या विद्यापीठात पाठवण्याचं आहे, त्याचा दर या पद्धतीने कसा दिसेल? या तक्रारी वर्षानुवर्षं झाल्या आणि २०१५-१६ पासून आयपेड्सने आउटकम मेझर्स नावाचा वेगळा फॉर्म आणला. त्यात अर्धवेळ आणि बदली होऊन आलेले विद्यार्थीही धरून आठ वर्षांपर्यंत माग ठेवतात. मुलाखतीत या दोन फॉर्मांतला फरक उदाहरणासह सांगता आला, तर समोरचे खुर्चीत सरसावून बसतात.

८. फेर्पा

विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा हा १९७४ चा कायदा. असिस्टंटशिपच्या पहिल्या दिवशी त्याचं प्रशिक्षण होईल, सही घेतील. पण नाव काढून टाकलं म्हणजे काम झालं असं समजू नका. एखाद्या विभागाच्या तक्त्यात एकाच गटातली एकच मुलगी असेल तर ती लगेच ओळखू येते. म्हणून छोटे आकडे झाकतात, बऱ्याच ऑफिसांत १० पेक्षा कमी असेल तर. आणि इथेही सापळा: एकूण १४, एका रकान्यात ११, उरलेला झाकलेला. वजाबाकी केली की ३ बाहेर! अशा वेळी दुसराही रकाना झाकावा लागतो.

डेटा घरच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या ड्राइव्हवर घ्यायचा नाही. चॅटजीपीटीसारख्या बाहेरच्या साधनात विद्यार्थ्यांच्या नोंदी चिकटवायच्या नाहीत. थीसिससाठी हाच डेटा वापरायचा असेल तर आयआरबीची, म्हणजे संशोधनातली नैतिकता तपासणाऱ्या समितीची, वेगळी परवानगी लागते, ऑफिसात बसता म्हणून ती मिळालेली नसते.

९. नोकरी शोधताना

जाहिराती हायरएडजॉब्ज आणि असोसिएशन फॉर इन्स्टिट्यूशनल रिसर्च यांच्या साइटवर येतात. शोधताना रिसर्च अ‍ॅनालिस्ट, अ‍ॅसेसमेंट, इन्स्टिट्यूशनल इफेक्टिव्हनेस, डिसिजन सपोर्ट हे सगळे शब्द टाकून बघा, कारण एकाच कामाला प्रत्येक विद्यापीठ वेगळं नाव देतं. असोसिएशनचं विद्यार्थी सभासदत्व घ्या. त्यांच्या वार्षिक परिषदेपेक्षा निएअर (ईशान्य अमेरिका), सेअर (दक्षिण), केअर (कॅलिफोर्निया) अशा प्रादेशिक संघटनांच्या लहान परिषदा नवख्यांना जास्त उपयोगी पडतात. तिथे जेवणाच्या टेबलावर डायरेक्टर शेजारी बसलेला असतो आणि त्याच्याकडे तुमच्याशी बोलायला वेळ असतो.

मुलाखतीत पुष्कळदा एक फाइल देतात आणि म्हणतात, यावर प्रोव्होस्टसाठी एक पान लिहा. मॉडेल किती अवघड लावलं हे कोणी बघत नाही. पहिल्या ओळीत उत्तर आहे का, व्याख्या लिहिलीय का, कुठे शंका आहे ते सांगितलंय का, हे बघतात.

व्हिसाच्या बाबतीत विद्यापीठाच्या नोकरीचा एक मोठा फायदा आहे. सरकारी आणि ना-नफा उच्चशिक्षण संस्थांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा लागू नाही, म्हणजे लॉटरी नाही, वर्षात कधीही अर्ज करता येतो. पण सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेने अमेरिकेबाहेर असलेल्या उमेदवारांच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरची अट आली. ओपीटी संपायच्या आत, तिथे असतानाच दर्जा बदलणं म्हणूनच महत्त्वाचं झालंय. प्रत्येक विद्यापीठ या स्तरावरच्या जागेला स्पॉन्सर करतंच असं नाही. पहिल्या फोनवरच एचआरला स्पष्ट विचारा. स्टेम मुदतवाढीसाठी ते ई-व्हेरिफाय ही कामाची परवानगी तपासणारी सरकारी प्रणाली वापरतात का, तेही तेव्हाच. आणि ओपीटीत नोकरीविना ९० दिवसांहून जास्त काढता येत नाहीत, तेव्हा शेवटच्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच अर्ज सुटलेले हवेत.

वातावरण सध्या अस्थिर आहे. मार्च २०२५ मध्ये शिक्षण खात्यात मोठी नोकरकपात झाली आणि एनसीईएसमध्ये मोजकी माणसं उरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने प्रवेशांची वंश आणि लिंगानुसार सविस्तर माहिती मागणारी नवी पुरवणी जाहीर केली. म्हणजे वरची मदत आटली आणि खालचं काम वाढलं. विद्यापीठांना माणसं लागतीलच, पण त्यांच्याकडे पगाराला पैसे असतील का, हे राज्याराज्यावर आहे. सरकारी विद्यापीठात अर्ज करताना त्या राज्याच्या बजेटची बातमी वाचून जा.

१०. भारतात राहूनच करायचं असेल तर

सगळ्यांनी अमेरिका गाठलीच पाहिजे असं नाही. नॅक १९९४ पासून आहे, एआयएसएचई २०१०-११ पासून, एनआयआरएफची पहिली क्रमवारी २०१६ मध्ये आली. तेव्हापासून खासगी विद्यापीठांत रँकिंग आणि अ‍ॅक्रेडिटेशनसाठी वेगळे विभाग दिसू लागलेत, आणि तिथे प्राध्यापकांच्या मानगुटीवर बसवलेलं काम करायला प्रशिक्षित माणूस कमीच सापडतो. अशा ठिकाणी अर्ज करताना एआयएसएचईची खुली आकडेवारी घेऊन आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांचा एक छोटा तुलनात्मक अहवाल बनवा, व्याख्या तळटीपेत द्या आणि रेझ्युमेसोबत जोडा. प्राचार्यांना भेटायला जाल तेव्हा त्याची छापील प्रत न्या. ईमेलमधली जोडलेली फाइल ते उघडतीलच याचा भरवसा नाही.